जेफ्री होल्डर: उंच टोपीखालचा माणूस

प्रति,
संपादक, रविवार पुरवणी

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी बाँडपटांतल्या खलनायकांवर जो लेख आपण छापला, तो आवडला. फक्त त्यात ‘लिव्ह अँड लेट डाय’ (१९७३) या बाँडपटात बॅरन सामदी झालेल्या जेफ्री होल्डर यांना दोन ओळींत गुंडाळलं आहे आणि त्या दोन ओळींतही त्यांना ‘जमैकाचा धिप्पाड नट’ केलं आहे. होल्डर जमैकाचे नव्हेत, त्रिनिदादचे. ‘लिव्ह अँड लेट डाय’मधल्या बेटाचं चित्रीकरण जमैकात झालं, त्यावरून ही गफलत होते आणि बऱ्याच ठिकाणी होते. वेस्ट इंडिज म्हणजे एकच गाव असं आपण क्रिकेटमुळे धरून चालतो. पोर्ट ऑफ स्पेन आणि किंग्स्टन यांच्यात सुमारे अठराशे किलोमीटर समुद्र आहे.

आम्ही कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी भागात नाटकांची आणि दशावताराची रंगभूषा-वेशभूषा करणारी मंडळी. होल्डर आम्हाला पडद्यावरच्या हसण्यापेक्षा कापड आणि रंग वापरण्यासाठी जास्त जवळचे. म्हणून पत्र लांबलं आहे, जागा असेल तसं छापावं.

जन्म १ ऑगस्ट १९३०, पोर्ट ऑफ स्पेन. आईवडील बार्बाडोसहून आलेले, भावंडं चार. थोरला भाऊ बॉस्को चित्रकार आणि नर्तक, स्वतःची नाचमंडळी चालवणारा. जेफ्री शाळेत मागे. बोलताना अडखळायचा आणि आज ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात तो त्रास वाचताना होता. अशा मुलाला भावाने कुंचला दिला आणि सातव्या वर्षी मंडळीत नाचायला उभं केलं. रंग आणि पावलं, दोन्ही शिकवण्या एकाच घरात. पुढे बॉस्को लंडनला गेले आणि मंडळी धाकट्याच्या अंगावर आली.

त्रिनिदादच्या कार्निव्हलबद्दल आपल्याकडे फक्त रंगीत पिसांचे फोटो येतात. ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) आधीचा सोमवार आणि मंगळवार हे मुख्य दिवस. लाकडी उंच पायांवर चालणारे मोको जंबी, अंगाला काकवी किंवा रंग फासून पैसे मागत फिरणारे जॅब मोलासी, मोठ्या काठाची टोपी घालून लांबलचक धमकीची भाषणं ठोकणारा मिडनाइट रॉबर अशी ठरलेली सोंगं असतात. शिमग्यात रोंबाट, म्हणजे सोंगांची मिरवणूक, पाहिलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. सोंग कपड्याने उभं राहतं, कपडा चालण्याने उभा राहतो, हे होल्डर यांना अशा रस्त्यांवर कळलं. कुठल्या नाट्यशाळेत नव्हे.

१९५२ साली सेंट थॉमस बेटावर त्यांचा नाच अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका ॲग्नेस डी मिल यांनी पाहिला आणि न्यूयॉर्कला सोल ह्युरॉक यांच्यापुढे चाचणी देण्याचं आमंत्रण दिलं. ह्युरॉक म्हणजे नाचगाण्याचे कार्यक्रम लावणारे त्या काळचे सर्वांत बडे ठेकेदार. सगळ्या मंडळीचं भाडं कुठून आणायचं? होल्डर यांनी आपली वीस चित्रं विकली आणि माणसं न्यूयॉर्कला नेली. ह्युरॉक यांनी घेतलं नाही ते नाहीच. मग कॅथरीन डनहम यांच्या नृत्यशाळेत शिकवून पोट भरलं. दशावताराच्या कुठल्याही कंपनीच्या मालकाला यातला हिशेब तोंडपाठ असेल. आधी खर्च, मग खेळ, मग मिळालं तर मानधन.

३० डिसेंबर १९५४ रोजी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकपेठेत, ‘हाउस ऑफ फ्लॉवर्स’ ही संगीतिका लागली. त्यातला ‘बांदा’ हा नाच होल्डर यांनी बसवला. (सावंतवाडीजवळच्या आमच्या बांद्याचा संबंध नाही.) बांदा हा हैतीतल्या वूडू परंपरेतला, मृतांच्या देवतांचा नाच. या देवतांना गेदे म्हणतात आणि त्यांचा म्होरक्या बॅरन सामदी. उंच काळी टोपी, शेपटीचा कोट, कवटीसारखा चेहरा, नाकपुड्यांत प्रेताला घालतात तसा कापूस, तोंडी अचकट विचकट विनोद आणि मिरच्या घातलेली रम. म्हणजे आपल्या लेखात ज्या भूमिकेला ‘बाँडपटाने दिलेली ओळख’ म्हटलं आहे, त्या दैवताच्या कुळाचा नाच होल्डर यांनी त्या चित्रपटाच्या १९ वर्षं आधी रंगमंचावर आणला होता. १९७३ मध्ये निर्मात्यांना एक उंच माणूस हवा होता आणि हा सापडला, अशी गोष्ट नाही. त्या चित्रपटातली नृत्यंही त्यांनीच बसवली.

‘हाउस ऑफ फ्लॉवर्स’मध्येच कार्मेन डी लाव्हालाड भेटल्या. त्या स्वतः पहिल्या दर्जाच्या नर्तिका. १९५५ मध्ये लग्न झालं आणि होल्डर यांच्या अखेरपर्यंत टिकलं. त्याच सुमारास होल्डर मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या बॅलेत मुख्य नर्तक होते आणि चित्रकलेसाठी त्यांना गुगेनहाइम पाठ्यवृत्तीही मिळाली.

मग जानेवारी १९५७. बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’चा सगळ्या कृष्णवर्णीय नटांचा प्रयोग ब्रॉडवेवर आला आणि त्यात होल्डर लकी झाले. हे नाटक ज्यांनी मराठीत पाहिलं किंवा वाचलं असेल त्यांना लकी आठवेल. गळ्यात दोर, हातात सामान, नाटकभर गप्प. आणि मध्येच एकदा सुटतो तो विरामचिन्हांशिवाय पानंच्या पानं बोलतो. लहानपणी ज्याची जीभ अडखळायची त्याच्याकडे नेमकी ही भूमिका. नाटक आठवडाभरही चाललं नाही. पण होल्डर यांचा पुढचा सगळा आवाज, ते सावकाश आणि पोटातून येणारं, प्रत्येक अक्षराला वजन देणारं बोलणं ज्यांनी ऐकलं आहे, त्यांनी या भूमिकेची नोंद ठेवावी. अडखळणाऱ्या माणसाला वेग कमी करून, श्वास धरून बोलायला शिकवतात. होल्डर यांनी त्या सावकाशीलाच शैली केलं.

आता बॅरन सामदी. होल्डर सहा फूट सहा इंच. त्यावर उंच टोपी चढली की आकृती सात फुटांच्या वर जाते. कॅमेऱ्याला असा माणूस अडचणीचाच, कारण समोरच्या नटाचा चेहरा आणि याचा चेहरा एका चौकटीत धरायचा तर मागे सरकावं लागतं. या चित्रपटात म्हणूनच ते बहुतेक एकटे दिसतात. हॉटेलातल्या नाचात, कबरीतून वर येताना, आणि शेवटी धावत्या आगगाडीच्या तोंडाशी बसून हसताना. खुद्द संवाद मोजकेच. कबरस्तानातल्या प्रसंगात ते सापांनी भरलेल्या शवपेटीत पडतात आणि होल्डर यांना सापांची खरोखरच भीती होती.

दरवर्षी शिमग्याला आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनांना हा कवटीचा चेहरा करून द्या म्हणून मुलं येतात. मोबाइलवर फोटो दाखवतात. आपल्या लेखासोबत फोटो छापून आल्यामुळे यंदा आणखी येतील, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आपल्या किनाऱ्याच्या हवेत हा चेहरा तासाभरात का ओघळतो, याची कारणं साधी आहेत.

पहिलं, तेलकट पांढरा रंग वापरू नये. दमट हवेत घाम सुकत नाही, तो तेलाच्या थराखाली साचतो आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. पाण्यात कालवायचा पॅनकेक घ्यावा. चेहरा धुऊन, बर्फ फिरवून, पूर्ण कोरडा करून ओलसर, पिळलेल्या स्पंजाने पहिला हात पातळ द्यावा, तो वाळू द्यावा, मग दुसरा. एकच जाड हात दिला तर तो ओठांच्या कडेला आणि कपाळावर तडकतो. दुसरं, सगळा चेहरा पांढरा करून त्यावर काळा चढवायचा नाही. पांढऱ्यावर काळा गेला की राखाडी होतो आणि कवटीऐवजी आजारी माणूस दिसतो. डोळ्यांच्या खोबणी, नाकाचा त्रिकोण आणि गालाखालचा खड्डा ह्या जागा आधी पेन्सिलने आखून कोऱ्या सोडाव्यात. पांढरा वाळला, पावडर बसली, की मगच काळा भरावा. पावडर पफने दाबायची, घासायची नाही.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. चेहरा रंगवताना मध्येच नटाला मोठ्याने हसायला लावावं. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी पडते, ती दिसली की तिथला रंग बोटाने विरळ करायचा. बॅरन सामदी हसलाच पाहिजे आणि पहिल्या हसण्याला रंगाला भेग गेली तर पुढचा सगळा खेळ वाया. वरच्या ओठावर घाम सर्वांत आधी येतो, तिथे पावडर दोनदा. टोपीच्या आत घाम टिपायला सुती पट्टी शिवून घ्यावी, नाहीतर कपाळावरून पांढरे ओहोळ डोळ्यांत उतरतात. आदल्या दिवशी कानामागे रंग लावून खाज येत नाही ना, ते पाहावं. रंग काढायला खोबरेल तेल, पाच मिनिटं मुरू द्यावं, मऊ कापडाने पुसावं, मगच साबण. आधी पाणी लावलं तर काळा रंग रोमछिद्रांत बसतो आणि दोन दिवस डोळ्यांभोवती सावट राहतं.

आणि जुन्या पेटाऱ्यात कुठे मुर्दाडशिंग सापडलं तर ते वापरू नये. पूर्वी तोंडाला लावायचे, चमक चांगली यायची, पण तो शिशाचा ऑक्साइड आहे. अंगात साचतो. सफेदा म्हणून बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक पुडीतही झिंक ऑक्साइडच असेल असं नाही. घरं रंगवायचा माल तोंडाला लावू नये हे लिहावं लागतं, याचंच वाईट वाटतं.

होल्डर यांचं खरं मोठं काम मात्र यानंतरचं आहे आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखच नाही. ५ जानेवारी १९७५ रोजी ब्रॉडवेच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये ‘द विझ’ लागलं. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ची गोष्ट, सगळा संच कृष्णवर्णीय. होल्डर आधी यात वेशभूषाकार होते. बाहेरगावच्या पूर्वप्रयोगांत नाटक डळमळायला लागलं, दिग्दर्शक बदलायची वेळ आली आणि निर्माते केन हार्पर यांनी ते होल्डर यांच्याकडे सोपवलं. कपडे शिवणाऱ्याच्या हातात नाटक दिलं, असं तेव्हा काही लोक म्हणाले असतील तर नवल नाही. आपल्याकडेही म्हणतात. पहिल्याच रात्री प्रयोग बंद करण्याची नोटीस लागली होती. मग ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने आणखी पैसे घातले, टीव्हीवर जाहिरात केली, आणि प्रेक्षक येऊ लागले. नाटक १९७९ च्या जानेवारीपर्यंत चाललं, प्रयोग १६७२. ब्रॉडवेचे टोनी पुरस्कार ७. त्यांतले दोन होल्डर यांचे, संगीतिकेचं दिग्दर्शन आणि वेशभूषा. या दोन्ही विभागांत नामांकन मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष.

एक खुलासा इथेच करतो. डायना रॉस आणि मायकल जॅक्सन यांचा १९७८ चा ‘द विझ’ हा चित्रपट होल्डर यांचा नव्हे. तो सिडनी ल्युमेट यांचा, कपडे टोनी वॉल्टन यांचे. इंटरनेटवर चित्रपटातली छायाचित्रं होल्डर यांच्या नावावर फिरतात, ती पाहून मत बनवू नये.

रंगमंचावरच्या ‘द विझ’मध्ये वादळ म्हणजे एक नर्तिका होती. डोक्यापासून सुटलेलं लांबच लांब काळं रेशमी कापड, आणि ती फिरत जाईल तसं ते कापड सगळा रंगमंच व्यापत जातं. नृत्य जॉर्ज फेझन यांचं, त्यांनाही टोनी मिळाला. पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजेही माणसंच होती, विटकरी-पिवळ्या वेशातले नर्तक. नायिका त्यांच्या सोबतीने चालते, म्हणजे रस्ताच तिला घेऊन चालतो. यंत्र नाही, सरकतं नेपथ्य नाही. दशावतारात एका बाकावर राजाचा दरबार, नदी आणि कैलास असं तिन्ही होतं, त्या बाकाशी हे नातं आम्हाला लगेच लागलं.

पण कापडाचं वादळ दिसायला सोपं आणि करायला अवघड. आमच्या भागातल्या स्पर्धांत ते फसलेलं पुष्कळदा दिसतं. फसण्याची कारणं नेहमी त्याच चार-पाच जागी असतात.

कापडाची लांबी रंगमंचावरून ठरवावी. गावच्या रंगमंचाची रुंदी पंचवीस-तीस फूट धरली तर नर्तिकेला साधारण अडीच मीटर त्रिज्येचं वर्तुळ मिळतं. त्याचा परीघ १५.७ मीटर. कापड परिघाएवढं लांब घेतलं की दुसऱ्या फेरीला ती स्वतःच्याच कापडावर पाय देते. म्हणून आठ-नऊ मीटरच्या वर जाऊ नये. उत्साहाने अख्खा तागा आणतात आणि तिथेच घोटाळा होतो.

कापड कोणतं? सुती नको. ४४ इंच पन्ह्याचं नऊ मीटर सुती पॉपलीन कोरडं असताना सव्वा किलोच्या आसपास भरतं आणि खाऱ्या दमट हवेत रात्री दहानंतर आणखी जड होऊन जमिनीला चिकटतं. जॉर्जेट किंवा चांगलं पातळ चायना सिल्क घ्यावं, वजन साधारण निम्म्यावर येतं. अस्तराचा टाफेटा स्वस्त पडतो, पण माइक खाली लावलेला असेल तर त्याची सळसळ संवाद खाते. कडेला जाड दुमड घालू नये. दुमडीमुळे कड दोरीसारखी ताठ होते आणि हवा आत शिरत नाही. बारीक पिको पुरे.

डोक्याला कापड बांधायचं तर ताण मानेवर येतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या मानेवर तो येऊ देऊ नये. खांद्यांवरून पट्टे घेऊन पाठीवर, मानेच्या खाली, कडी बसवावी आणि टोपीवरून फक्त एक नुसता लपेट जाऊ द्यावा. प्रेक्षकाला ते डोक्यातूनच निघाल्यासारखं दिसतं. कडी साधी नको, फिरती हवी. मालवण-वेंगुर्ल्यात मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गळाच्या दोरीला पीळ बसू नये म्हणून लावायची पितळी फिरती कडी मिळते, मोठ्या मापाची घ्यावी. साध्या कडीत तिसऱ्या-चौथ्या फेरीला कापडाला पीळ बसतो आणि वादळाचं दावं होतं.

फिरण्याचंही एक गणित आहे. जागच्या जागी गिरकी घेतली तर कापड अंगाभोवती गुंडाळलं जातं, कारण त्याला बाहेर ओढणारं काही नसतं. मध्यापासून सुरू करून फेरी मोठी करत पळावं लागतं. पुढे धावल्यानेच मागच्या कापडाखाली हवा भरते. पहिली फेरी सावकाश झाली तर कापड उचलतच नाही, म्हणून सुरुवातीला विंगेतल्या दोघांनी टोकं धरून कमरेइतकी उंच उचलून सोडून द्यायची. शेवटी विंगेत ओढून घ्यायलाही दोघं हवेत, नाहीतर पुढच्या प्रवेशात कोणीतरी पाय अडकून पडतो. आणि काळं कापड काळ्या पडद्यापुढे अदृश्य होतं, ही इतकी उघड गोष्ट स्पर्धेच्या दिवशी कळते! मागचा पडदा निळा किंवा राखाडी ठेवावा, समोरचा प्रकाश कमी करून दोन्ही बाजूंनी गुडघ्याच्या उंचीवर एकेक पार दिवा लावावा. बाजूने प्रकाश आला की कापडाच्या घड्या दिसतात. समोरून आला की नुसता काळा डाग.

‘द विझ’ १९८४ मध्ये होल्डर यांनीच पुन्हा ब्रॉडवेवर आणलं, ते जेमतेम १३ प्रयोगांत उतरलं. दरम्यान १९७८ मध्ये ‘टिंबक्टू!’ आलं होतं. अर्था किट नायिका. दिग्दर्शन, नृत्य आणि कपडे तिन्ही होल्डर यांचं.

कोकणातल्या वाचकाला सर्वांत जवळचं वाटेल असं त्यांचं काम मात्र ‘डग्ला’. १९७४ मध्ये डान्स थिएटर ऑफ हार्लेमसाठी केलेलं हे नृत्य. त्रिनिदादमध्ये आफ्रिकी आणि भारतीय अशा दोन्ही रक्ताच्या माणसाला डग्ला म्हणतात. गिरमिटियांचं, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचं, पहिलं जहाज ‘फतेल रझाक’ कलकत्त्याहून निघून ३० मे १८४५ रोजी तिथे लागलं. पुढे आलेल्यांत बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातले लोक जास्त, काही मद्रासेकडचे. त्यांनी ताशा नेला. आजही त्रिनिदादचा तासा-संच म्हणजे दोन ताशे, एक मोठा ढोल आणि झांज. एक ताशेवाला ठेका धरतो, दुसरा त्यावर कापत जातो. चामडं सैल पडलं की शेकोटी पेटवून ताशे शेकतात. हे वाचून आमच्या ढोल-ताशा पथकातल्या पोरांना वेगळं काही सांगायला नको. पावसाळी हवेत चामडं ओलावा पितं, सूर खाली येतो, आणि शेकताना एक मिनिट जास्त झालं तर कडेपाशी तडकतं. तिथेही हवा अशीच.

‘डग्ला’मध्ये लग्नाची मिरवणूक आहे, एका बाजूने हिंदू, दुसऱ्या बाजूने आफ्रिकी. संगीताची कल्पना होल्डर यांची, मांडणी तानिया लेऑन यांची. कपडे अर्थातच होल्डर यांचे. घरी दोन्ही प्रकारचे ढोल ऐकत वाढलेल्या माणसाचं हे काम आहे. लांबून भारत पाहून केलेलं नाही.

लांबून पाहिलेला भारत हवा असेल तर १९८२ चा ‘ॲनी’ पाहावा. जॉन ह्युस्टन यांच्या या चित्रपटात होल्डर ‘पंजाब’ नावाचा फेटेवाला अंगरक्षक आहेत. हे पात्र मूळ चित्रमालिकेतलं, ब्रॉडवेच्या नाटकात नव्हतंच. फेटा कुठल्या जिल्ह्याचा ते विचारू नये. तरीही पडद्यावर ते आले की नजर त्यांच्यावरून हलत नाही, कारण एवढा मोठा देह एकाही अनावश्यक हालचालीशिवाय उभा राहू शकतो.

बाकीचं झटपट. चित्रपटांत ‘डॉक्टर डूलिटल’ (१९६७) मधला तरंगत्या बेटावरचा मुखिया, वुडी ॲलन यांच्या १९७२ च्या चित्रपटातला जादूगार, ‘बूमरँग’ (१९९२) मधला विक्षिप्त नेल्सन, आणि ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ (२००५) चं निवेदन. टीव्हीवर १९६७ च्या ‘अँड्रोक्लिस अँड द लायन’मध्ये सिंह, १९८३ च्या ‘ॲलिस इन वंडरलँड’मध्ये चेशायर मांजर, मुलांच्या ‘बेअर इन द बिग ब्लू हाउस’मध्ये सूर्याचा आवाज. आणि अमेरिकेत घरोघर माहीत असलेली सेव्हन-अपची जाहिरात. पांढरा सूट, हातात आधी कोलाची फळं, मग लिंबं, आणि ते गडगडाटी हसू. जाहिरातीमुळे चित्रकाराचं नाव झाकलं गेलं अशी तक्रार त्यांचे चाहते करतात. आम्हाला ती पटत नाही. जाहिरातीचे पैसे कॅनव्हासला लागतातच. १९७३ मध्ये त्यांचं कॅरिबियन स्वयंपाकाचं पुस्तकही आलं, आणि त्या बेटांवर नीरफणस कसा खातात याची उत्सुकता इथे कोणालाही असेल.

५ ऑक्टोबर २०१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने ते गेले. वय ८४.

नाटक करणाऱ्या मुलांनी त्यांचं काम पाहायचं तर बाँडपटापासून सुरुवात करू नये. आधी ‘कार्मेन अँड जेफ्री’ हा माहितीपट, त्यात नवराबायको दोघांचं नृत्य आणि त्यांची चित्रं आहेत. मग ‘डग्ला’ची जी दृश्यं मिळतील ती, आवाज चालू ठेवून. मग ‘द विझ’च्या १९७५ च्या मूळ संचाची ध्वनिमुद्रिका. आणि बॅरन सामदी सर्वांत शेवटी. तेव्हा टोपीऐवजी खांदे पाहावेत. नाचात खांदे आधी हलतात, हसू नंतर येतं.

पुढच्या रविवारी निदान जन्मस्थळाची दुरुस्ती छापावी, ही विनंती. छायाचित्राखाली ‘नर्तक, चित्रकार, दिग्दर्शक, वेशभूषाकार व नट’ एवढं मावत नसेल तर ‘नट’ काढला तरी आमची हरकत नाही.

आपले,
रंगभूषा-वेशभूषा करणारे काही वाचक
कुडाळ, वेंगुर्ले व सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग